समोरची गच्ची

आमच्या घरासमोरचा ओटा पाडला त्या दिवशी मी शाळेत होते. जवळच्याच एका खेड्यातल्या प्राथमिक शाळेवर मी शिकवते. संध्याकाळी बसमधून उतरले तर घर ओळखू येईना. ओट्याच्या जागी फुटक्या फरश्यांचा ढीग, आणि उंबऱ्याच्या आत पाट घेऊन बसलेल्या सासूबाई. आमच्या भागात सासूला आत्या म्हणतात, मीही आत्याच म्हणते. त्यांच्या मांडीवरच्या सुपात कापूस होता आणि त्या रोजच्यासारख्या वाती वळत होत्या. मला पाहून म्हणाल्या, "आली का माय? पाय जपून टाक. पायरी नाई राह्यली आता."

दुसरबीडमधून जाणारा रस्ता रुंद होणार हे गावाला कधीपासून माहीत होतं. ओटा रस्त्याच्या जागेत आहे हेही आम्हाला माहीत होतं, त्यामुळे भांडायला तोंड नव्हतं. रस्ता छान झाला, खोटं कशाला बोलू. सिमेंटचा, गुळगुळीत, मधे कंबरेएवढा दुभाजक आणि त्यात कण्हेरीची रोपं. आमचे हे शेती करतात. सोयाबीनची पोती भरलेला ट्रॅक्टर आता गचके न खाता जातो म्हणून ते खूश. माझी बस वेळेवर येते म्हणून मी खूश. रस्त्याने नुकसान केलं ते फक्त दोन म्हाताऱ्यांचं, आणि त्यांना कुणी विचारलंच नव्हतं.

त्यातल्या एक आमच्या आत्या. दुसऱ्या समोरच्या मावशी. त्यांचं घर रस्त्याच्या पलीकडे, आमच्या दारासमोर दार. त्यांचाही ओटा गेला. दोघी एकाच वर्षी लग्न होऊन या गावात आल्या, दोघींची पहिली बाळंतपणं महिन्याच्या फरकाने झाली, आणि दोघींचे नवरेही थोड्याफार अंतरानेच गेले. रोज दिवस कलला की एक दुसरीच्या ओट्यावर जायची. आज इकडे, उद्या तिकडे, असं काही ठरलेलं नसायचं. जिचं काम आधी आटोपेल ती रस्ता ओलांडायची. मग वाती वळणं, तूर निवडणं, कोथिंबीर खुडणं, आणि येणाऱ्याजाणाऱ्याची चौकशी. "कुठं निंगाला रे?" हा प्रश्न ओट्यावरून विचारला गेल्याशिवाय आमच्या गल्लीतला माणूस बस स्टँडवर पोचत नसे. लग्नानंतर सुरुवातीला मला या चौकशीचा फार राग यायचा. नवीन साडी नेसून बाहेर पडायची सोय नव्हती. पुढे पुढे असं झालं की त्यांनी विचारलं नाही तर मीच थांबून सांगायचे.

आता उंबऱ्यात बसलं तर दुभाजक आणि कण्हेरीच्या पलीकडचं दार दिसत नव्हतं. रस्ता ओलांडायचा म्हणजे दुभाजकाला फट आहे तिथवर, थेट बस स्टँडपर्यंत चालत जायचं आणि तेवढंच परत यायचं. आत्यांच्या गुडघ्यांना ते जमण्यासारखं नव्हतं आणि मावशींच्या डोळ्यांना भरधाव गाड्यांचा अंदाज येत नव्हता. एका रविवारी मी आत्यांना स्कूटीवर बसवून पलीकडे नेलं. मावशींच्या सुनेने त्यांना आतल्या खोलीत खुर्चीवर बसवलं, पंखा लावला, ट्रेमध्ये चहा-बिस्किटं आणली. अर्धा तास सगळे अवघडून बसलो. परत येताना आत्या माझ्या पाठीमागून म्हणाल्या, "मी काय पाव्हणी हाय का वं तिच्या घरी? खुर्चीवर बसवलं मले." पुढच्या रविवारी मी विचारलं तर म्हणाल्या, राहू दे.

मी फोनही लावून दिला. दोघींकडे बटणांचे फोन आहेत, एकमेकींचे नंबर आहेत. पण आत्या फोनवर "हाव", "बरी हाय", "ठेव मंग" एवढंच बोलायच्या. माझ्या मोबाइलवर व्हिडिओ कॉल लावला तर त्यांनी तो मोबाइल कानाला लावला आणि मावशींना तिकडे पडदाभर आत्यांचा कान दिसला. आम्ही सगळे हसलो. आत्या हसल्या नाहीत. "तोंड दिसल्याबिगर काय बोलावं माय? भिंतीसंग बोलल्यावानी वाटते," म्हणाल्या.

हळूहळू त्या गप्प झाल्या. आधी जेवणाच्या वेळी काहीतरी बोलायच्या, भाजीला नावं ठेवायच्या; माझ्या भाजीला नाव न ठेवता त्या जेवल्या की मला धडकी भरायची. संध्याकाळी दिवे लागायच्या आधीच अंथरूण घालून पडायच्या. लोणारला माझी नणंद असते, ह्यांची मोठी बहीण, आम्ही त्यांना ताई म्हणतो. ताईंना फोनवरच्या आवाजातून काय ते कळलं असणार. त्या म्हणाल्या, "आई, तू माह्याकडंच ये राहाले. इथं मोठं अंगण हाय, शेजारपाजार हाय." आणि आत्या, ज्या लेकीच्या घरी दोन रात्रींच्या वर कधी टिकल्या नव्हत्या, त्या हो म्हणाल्या. तूर निघाली की ताई न्यायला येणार असं ठरलं. आत्यांनी लुगडी वेगळी काढून ठेवायला सुरुवात केली.

मला ते सहन होईना. मी स्पष्टच लिहिते: मला त्या घरात हव्या होत्या. माझी आई मी कॉलेजात असताना गेली. स्वयंपाक मला आत्यांनी शिकवला, बाळंतपण त्यांनी केलं, आणि मधे काही वर्षं माझी बदली लांबच्या शाळेवर झाली तेव्हा मुलीला सांभाळून "तू जाय बिनधास्त" म्हणणाऱ्याही त्याच. आता मुलगी शिकायला औरंगाबादला असते. आत्या गेल्या तर घरात मी आणि हे, आणि ह्यांचं बोलणं म्हणजे सोयाबीनचा भाव. म्हातारपणी त्यांना दुसऱ्या गावात नव्याने माणसं जोडायला लावायची हे मला पटत नव्हतं, आणि त्यांना "जाऊ नका" म्हणायचं तर इथे त्यांच्यासाठी होतं काय, हेही सांगता येत नव्हतं.

एकदा टाकी भरून वाहायला लागली म्हणून मी मोटर बंद करून वर गच्चीवर गेले. थंडीचे दिवस, ऊन उतरलेलं, स्लॅब कोमट. वर वारा होता. मी तिथे जरा उभी राहिले आणि माझ्या डोक्यात आलं की ओटा खालीच असला पाहिजे असं कुठे आहे? आत्यांना इथे वर बसायला जागा करू. गल्लीतल्या बायका येतील, ऊन खातील, वाती वळतील.

गच्ची म्हणायला गच्ची. खरं तर ती ह्यांची अडगळ होती. ठिबकच्या जुन्या नळ्यांची वेटोळी, फवारणीचा फुटका पंप, पत्रा सडलेला कूलर, रिकामे बारदाने, तुराट्यांचा भारा, आणि कुणाचा होता ते शेवटपर्यंत न कळलेला एक मोटारसायकलचा टायर. उन्हाळ्यात कुरडया-पापड वाळवायला मी एक कोपरा झाडून घ्यायचे, बाकी वर कुणी फिरकत नसे. मी ह्यांना म्हटलं, "हे सारं खाली नेणं लागते."

"लागते ना ते कधीमधी," हे म्हणाले.

"पंपाले बूड नाई, कशाले लागते?"

"त्याचा दट्ट्या चांगला हाय."

एकेका वस्तूवरून असं भांडण झालं. कूलर भंगारात गेला त्या दिवशी हे अर्ध्या भाकरीवर उठले. पण एकदा गच्ची मोकळी झाली, झाडून धुऊन निघाली, तेव्हा मात्र त्यांनाच जोर चढला. आमच्या ह्यांचं असंच आहे. काम सुरू होईपर्यंत बैल अडतो आणि मग आवरत नाही. गवंडी आणला. स्लॅबच्या भेगा भरल्या, वरून दुकानातल्या उरलेल्या, फुटलेल्या टाइलांचे तुकडे बसवले. रंग मी निवडले, आणि पिवळ्यावरून गवंड्याशी वाद घातला. जिन्याला आत्यांच्या हाताला येईल असा पाइप लावून घेतला. टाकीच्या बाजूला हिरव्या जाळीचा मांडव झाला. भिंतीला लागून बसायला एक कट्टा बांधला, पाय खाली सोडले की टेकतील इतक्या उंचीचा. त्यासाठी आत्यांना खाली पाटावर बसवून मी दोरीने माप घेतलं होतं. रंगाच्या बादल्यांमध्ये गवती चहा, कढीलिंब, शेवंती लावली. खालची बाज वर गेली.

आणि ह्यांनी कठडा बांधला. आधी नुसती दोन विटांची कड होती. मी शाळेत असताना चार दिवसांत तो उभा राहिला, माझ्या खांद्याच्या वर, चारी बाजूंनी, गिलावा करून. "आता घरच्या बाया बसतीन वर," हे अभिमानाने म्हणाले, "रस्त्यावरून कोनाले दिसाले नाई पायजे." मलाही तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही. सगळेजण असंच बांधतात.

तूर निघायच्या सुमारास सगळं तयार झालं. आत्यांना आम्ही हात धरून वर नेलं. त्यांनी टाइलांवरून पाय फिरवला, शेवंतीच्या कळीला बोट लावलं, कट्ट्यावर बसून पाहिलं. "चांगलं केलं," म्हणाल्या. "खर्च केला उगीच, पण चांगलं केलं." मी खाली जाऊन पोह्यांची प्लेट घेऊन येते तो आत्या जिन्यात. खाली यायला निघालेल्या.

"काऊन उतरल्या? ऊन हाय ना अजून," मी म्हटलं.

"बसली ना थोडा वेळ. आता किती आभाय पाहू?"

दुसऱ्या दिवशीही तेच. गल्लीतल्या दोन बायका कौतुकाने येऊन गेल्या, फोटो काढून गेल्या. नव्या सोफ्यावर बसतात तशा त्या बसल्या आणि गेल्या. मला मनातून फार राग आला. कुणाचा ते कळत नव्हतं, म्हणून मी तो भांड्यांवर काढला. ताईंचा फोन आला, येत्या रविवारी येते म्हणाल्या. आत्या म्हणाल्या, "ये." लुगड्यांची पिशवी दाराजवळच्या खुंटीला लागली.

शुक्रवारी शाळेतून आले तर आत्या खाली नव्हत्या. मी वर गेले. जिन्याच्या तोंडाशीच थांबले. रस्त्याच्या बाजूच्या कठड्यापाशी आत्यांनी एक घमेलं पालथं घातलं होतं आणि त्यावर चढून, टाचा उचलून, दोन्ही हातांनी कठडा धरून त्या पलीकडे पाहत होत्या. त्यांची पाठ माझ्याकडे होती. घमेलं हलत होतं. हाक मारली असती तर त्या दचकून पडल्या असत्या. मी हळूच जाऊन त्यांच्या कमरेला धरलं.

"काय पाहून राह्यल्या आत्या?"

"ते पाह्य," त्या म्हणाल्या. वळल्याही नाहीत. "तिनं बोरं वाळू घातले वर."

मीही टाचा उंचावून त्यांच्या बाजूने पाहिलं. रस्त्याच्या पलीकडे मावशींच्या घराची गच्ची, साधी, नुसती विटांची कड असलेली. तिथे एका जुन्या धोतरावर बोरं पसरलेली होती. मावशी तिथे नव्हत्या. आत्या नुसती बोरं पाहत होत्या.

मला त्या क्षणी इतकं भरून आलं की मी त्यांच्या पाठीला डोकं टेकवलं. एवढी टाइल, एवढी शेवंती, एवढा पिवळ्यावरून वाद, आणि आम्ही काय केलं होतं, तर त्यांना बसायला एक सुंदर विहीर बांधून दिली होती. त्यांना वारा नको होता, ऊन नको होतं. त्यांना समोरचं माणूस हवं होतं.

संध्याकाळी हे वावरातून आले. त्यांनी चपला काढायच्या आत मी म्हटलं, "समोरचा कठडा फोडणं लागते."

"काय?"

"रस्त्याकडचा. कट्ट्यावर बसलं की समोरची गच्ची दिसली पायजे."

"डोकं ठिकाण्यावर हाय का तुह्यं? आताच गिलावा केला. अन् रस्त्यावरचे लोकं वर पाहतीन त्याचं काय?"

"पाहू द्या. ओट्यावर काय पडदा लावून बसत होत्या का आत्या? साऱ्या गावानं पाह्यलं त्यायले. तुम्हीबी तिथंच बसून दूध-भाकर खात होते लहानपणी."

"लोकं हसतीन, बांधलं अन् लगेच फोडलं म्हणून."

"हसू द्या. परवा ताई आत्यायले घेऊन जाऊन राह्यल्या, तवा कोन हसते ते पाहू."

मी बोलत बसणाऱ्यातली नाही. कोपऱ्यात गवंड्याचा राहिलेला हातोडा होता तो उचलला, वर गेले आणि कठड्यावर मारला. हाताला झिणझिण्या आल्या, आणि गिलाव्याचा एवढासा टवका उडाला. दुसरा मारला. तिसरा माझ्याच बोटाजवळून गेला. तेवढ्यात हे वर आले. माझ्या हातातून हातोडा घेतला. "अशानं नाई फुटत ते," म्हणाले, "वरच्या विटेपासून काढणं लागते." आणि स्वतःच्या हाताने बांधलेला कठडा त्यांनी अंधार पडेपर्यंत विटेविटेने काढला. खाली आत्या विचारत होत्या, काय पडून राह्यलं वर म्हणून.

शनिवारी त्या जागी लोखंडी पाइपाचे दोन आडवे बार बसले, तोल गेला तरी अडवतील असे, आणि मधून सगळं दिसेल असे. संध्याकाळी आत्यांना वर नेलं. त्या कट्ट्यावर बसल्या. समोर मावशींची गच्ची, आपल्या अंगणासारखी दिसत होती. बोरं होती, मावशी नव्हत्या. आम्ही वाट पाहिली. मग मावशी बोरं गोळा करायला वर आल्या, वाकल्या, एकेक बोर सुपात टाकायला लागल्या. आत्या उभ्या राहिल्या. मधून दोन ट्रक गेले, हाक पोचण्यासारखी नव्हतीच. आत्यांनी पदर हातात घेतला आणि तो हलवायला लागल्या. वावरात पाखरं उडवताना हलवतात तसा, जोरजोराने.

मावशींनी वर पाहिलं. डोळ्यांवर हात धरला. मग हातातली बोरं तशीच टाकली आणि त्याही पदर हलवायला लागल्या.

मी धावत खाली गेले आणि आत्यांचा फोन घेऊन वर आले. नंबर लावला, फोनचा आवाज मोठा केला, त्यांच्या हातात दिला. समोर मावशींनी कमरेचा फोन काढलेला मला दिसला.

"हालो," आत्या म्हणाल्या. समोर मावशींकडे बघत. "अवं, बोरं काऊन टाकले तू?"

"तू दिसली म्हणून टाकले," फोनमधून मावशी म्हणाल्या. "लय वाळली वं तू."

"तूच वाळली. अन् त्या बोरायले मीठ लावलं का नाई?"

झालं. जिला फोनवर भिंतीशी बोलल्यासारखं वाटायचं ती बाई पाऊण तास बोलली. बोरांचं मीठ, मावशींच्या सुनेचं दुखणं, कुणाच्या मुलीचं ठरलेलं लग्न, आणि माझी भाजी. "अळणी करते," मी शेजारी बसलेली असताना आत्या फोनवर म्हणाल्या. "पण मनाची चांगली हाय." हे दुसरं वाक्य मी लग्नानंतर पहिल्यांदा ऐकलं, आणि तेही मला सांगितलेलं नव्हतं.

रविवारी दुपारी ताई आल्या. रिक्षा दारात थांबवून ठेवायला सांगत होत्या, लवकर निघू म्हणून. मी म्हटलं, आधी वर चला, आत्या वर आहेत. ताई जिना चढून आल्या, इकडे तिकडे पाहून "किती छान केलं वं!" म्हणाल्या आणि आईजवळ बसल्या. आत्यांनी लेकीच्या तोंडावरून हात फिरवला. तब्येत विचारली, नातवाची परीक्षा विचारली. ताई म्हणाल्या, "पिशवी भरली ना? अंधार पडायच्या आत पोचलं पायजे." आत्या लेकीच्या पदराची घडी सरळ करत राहिल्या. जाऊ नका म्हणायचं मी कितीदा तरी ठरवलं होतं, पण लेक आईला न्यायला आलेली असताना सुनेने काय तोंड उघडायचं? मी शेवंतीची वाळलेली पानं खुडत राहिले.

फोन वाजला. समोरच्या गच्चीवर मावशी येऊन बसल्या होत्या, मांडीवर सूप घेऊन. आत्यांनी फोन उचलला.

"रिक्षा उभी दिसते तुह्या दारात," मावशी म्हणाल्या. आवाज मोठाच होता, आम्हा सगळ्यांना ऐकू येत होता. मग म्हणाल्या, "पोरगी न्यायले आली का वं?"

आत्यांनी ताईंकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं नाही. समोर बघून म्हणाल्या, "भेटाले आली. चहा पिऊन निंगते म्हणते."

ताई आईकडे बघतच राहिल्या. मग हसल्या, आणि हसता हसता पदराने डोळे पुसायला लागल्या. "मी कवा म्हटलं वं?" त्या हळूच मला म्हणाल्या. चहा ठेवते म्हणून मी खाली आले आणि गॅसजवळ उभी राहून मनसोक्त रडले. साखर टाकली की नाही ते आठवेना, म्हणून परत टाकली. तो गोडमिट्ट चहा आम्ही तिघींनी वर बसून प्यायला. आत्यांनीसुद्धा नाव ठेवलं नाही.